काकूंच्या कोटाचा व्हिडिओ

रफूकाकांना त्या रस्त्यावर कोणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. दुकानावर पाटी होती, पाटीवर नावही होते, पण उन्हाने ते इतके फिके झाले होते की वाचायला थांबावे लागे. आणि रफूच्या दुकानापुढे वाचायला कोण थांबतो? डाव्या हाताला झेरॉक्सवाला, उजव्या हाताला कायमचे बंद पडलेले बुटांचे दुकान, समोर किल्लीवाला. मधे काकांचा गाळा, दोन गिऱ्हाइके एकदम आली तर एकाने पायरीवर थांबावे एवढा.

आत एक टेबल, मान वाकवता येणारा दिवा, भिंग, सुयांची डबी, इस्त्री. भिंतीला ओळीने खुंट्या आणि त्यांवर लोकांचे कपडे. शेवटच्या खुंटीवर काकूंचा हिरवा लोकरी कोट.

काकू रोज दुपारी दुकानात येऊन बसत. गिऱ्हाइकांशी बोलणे हे त्यांचे काम, कारण काकांना ते कधी जमलेच नाही. "कधी मिळेल?" असे कोणी विचारले की काका सुईकडे बघत आणि उत्तर काकू देत. आल्या की कोट खुंटीवर, निघाल्या की अंगावर. मागच्या हिवाळ्यात त्यांना दुकानातच बरे वाटेनासे झाले, घाईघाईने गाडीत घालून नेले, त्या गडबडीत कोट राहिला. पुढे तो घरी नेण्याचे कारण उरले नाही.

काका रडले नाहीत. भेटायला आलेले लोक म्हणाले, "खंबीर आहेत हो." मुलगा म्हणाला, "बाबांनी सावरून घेतलं, तेवढं बरं झालं." काकांना यातले काही खरे वाटले नाही, आणि खोटे आहे असे म्हणायचा उत्साहही वाटला नाही. वेळ झाली की ते जेवत, वेळ झाली की अंथरुणावर पडत. एकदा सून आमटीत मीठ घालायलाच विसरली. पहिला घास घेताच तिने जीभ चावली आणि सासऱ्यांकडे पाहिले, तर त्यांची अर्धी वाटी संपलेली. "अळणी आहे ना, बाबा?" तिने विचारले. "ठीक आहे," काका म्हणाले.

एकच गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. दिवसा घरात थांबायचे नाही. सकाळी मुलगा कामावर गेला, भांड्यांचा आवाज थांबला, की त्या घरात एक दुपार सुरू होई आणि ती खोल्याखोल्यांतून पसरत जाई. रविवारी ती काकांना भेटे, तेवढी पुरे होती. दुकानात निदान सुई असे. सुईकडे बघत बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

आणि नेमके दुकानच चालत नव्हते.

"बाबा, आता रफू कोण करून घेतो?" मुलगा एका संध्याकाळी म्हणाला. त्याने आवाज मऊ ठेवला होता, म्हणजे बरेच दिवस मनात घोळवून आणलेले बोलणे होते. "फाटलं की टाकतात, नवीन घेतात. वर्ष संपेपर्यंत बघू, नाहीतर गाळा सोडून देऊ. जन्मभर डोळे फोडलेत, आता घरी आराम करा."

आराम हा शब्द ऐकून काकांना भीती वाटली. कितीतरी महिन्यांत त्यांना काही वाटले असेल तर ते हेच. पण बोलायचे काम काकूंचे होते. काकांनी ताटाकडे पाहिले.

बोलली ती सून. ती एका फर्निचरच्या कंपनीत जाहिरातीचे काम बघत असे. कंपनीने इथली शाखा गुंडाळली आणि तीही घरी बसली होती. "लगेच गाळा काय सोडायचा? मला थोडे दिवस द्या. मी व्हिडिओ करते बाबांच्या कामाचे."

"रफूचे व्हिडिओ?" मुलगा हसला. "त्यापेक्षा भिंतीचा रंग वाळताना दाखव."

"घरात बसून मी तोच बघतेय," सून म्हणाली. "चालेल ना, बाबा?"

दुकान चालू राहण्याशी त्याचा काही संबंध आहे एवढे काकांना कळले. "चालेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सून मोबाइल, तो उभा करायची तिवई आणि एक गोल दिवा घेऊन दुकानात हजर झाली. दिवा लावताच गाळा असा उजळला की कोपऱ्यातली जळमटे लाजली. समोरचा किल्लीवाला गिऱ्हाईक सोडून रस्ता ओलांडून आला.

"काय सूनबाई, काकांचं स्थळ बघताय की काय? एवढी रोषणाई!"

सुनेने त्याच्याकडे रोखून पाहिले, तशी त्याने जीभ चावली. काका सुईत दोरा ओवत होते. त्यांनी ऐकले होते, पण त्यांना काही लागले नव्हते.

सुनेने काम समजावून सांगितले. "बाबा, लोक मोबाइलवर अंगठ्याने एकेक व्हिडिओ वर सरकवत असतात. आपला समोर आला की अंगठा थांबला पाहिजे. तेवढीच संधी. सुरुवातीलाच काहीतरी असं दिसलं पाहिजे की माणूस दचकला पाहिजे."

काका विचारात पडले. रफूत दचकण्यासारखे काही नसते. कोणी दचकले तर रफू फसली.

पहिला व्हिडिओ एका राखाडी पँटचा झाला. सिगारेटने भोक पडले होते. काकांनी नेहमीप्रमाणे पँटच्या आतल्या दुमडीतून तिचेच धागे ओढून काढले, कारण रफूला धागा बाहेरचा चालत नाही. त्याच कपड्याचा, न दिसणाऱ्या जागेचा लागतो. मग आधी उभे धागे घातले आणि त्यांतून आडवे, एक खालून, एक वरून. सगळे काम कापडाच्या उलट्या बाजूने आणि तेही मान खाली घालून, त्यामुळे घरी येऊन सुनेने पाहिले तेव्हा व्हिडिओत बहुतेक वेळ काकांचे टक्कल होते. शेवटी पँट सुलटी केली, इस्त्री फिरवली आणि कॅमेऱ्यापुढे धरली. भोक कुठे होते ते काकांनाही बोट ठेवून सांगता येईना.

लोकांनी खाली लिहिले: "दुसरी पँट दाखवली." "एडिटिंग आहे." एकाने लिहिले: "टक्कल छान आहे."

किल्लीवाल्याचे मत वेगळे नव्हते. "अहो, यात बघायचं काय? आधी भोक होतं, आता नाही. माझ्या डोक्यावर आधी केस होते, आता नाहीत. येतं का कुणी त्याचा व्हिडिओ काढायला?"

सुनेने हार मानली नाही. कॅमेरा टेबलाखालून लावला, बाजूने लावला, भिंगातून लावला. मधे एक चौकड्यांची पँट दाखवली, तर तिचा मालक दुसऱ्याच दिवशी दारात उभा. "अहो, ऑफिसात सगळ्यांनी ओळखली! एवढ्या मोठ्या चौकड्या दुसऱ्या कोणाच्या असणार? भोक कुठे पडलं होतं ते आता शिपायालाही माहीत झालं." त्याने पँट काखोटीला मारली आणि पुन्हा पायरी चढला नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकांचे कपडे बंद आणि घरचे सुरू. मुलाचा जुना कोट झाला, पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले. मुलगा कपाट उघडून ओरडला, "या घरात फाटकं असं काही ठेवणार आहात की नाही?"

बघणारे मात्र वाढले नाहीत. वर्ष संपत आले होते. जेवताना मुलाने गाळ्याचा विषय पुन्हा काढला नाही, पण काढणार आहे हे त्याच्या पोळी मोडण्यावरून कळत होते.

मग सुनेने ठरवले की एकदा सलग दाखवायचे. कॅमेरा चालू करायचा, धडधाकट कपडा समोर धरायचा, त्यालाच कात्री लावायची आणि कॅमेरा बंद न करता तो पुन्हा होता तसा करायचा. म्हणजे खोटे आहे म्हणायला जागा नाही. ती घरून एक जुना स्कार्फ घेऊन आली. गोल दिवा लावला, मोबाइल चालू केला आणि म्हणाली, "हं, बाबा."

काकांनी स्कार्फ दोन बोटांत चोळून पाहिला. "नायलॉन आहे हे. याचा धागा हातात राहत नाही. लोकर हवी."

"आत्ता लोकर कुठून आणू?"

काका उठले. शेवटच्या खुंटीवरून त्यांनी हिरवा कोट काढला, टेबलावर पसरला, खिशाच्या वर, छातीच्या जरा खाली जागा बघितली आणि कात्री घातली.

"बाबा!"

सुनेची ती हाक गाळ्याबाहेर झेरॉक्सवाल्यापर्यंत गेली. काकांनी वर पाहिले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. का, ते त्यांना क्षणभर समजेना. मग समजले. पण समजले तेवढेच. कात्री टेबलावर ठेवून ते कोटाच्या खालच्या घेराची दुमड उसवू लागले. धागे चांगले निघत होते. जुन्या लोकरीला जी एक पकड असते ती या कोटाला होती. काका काम करत राहिले आणि सून कॅमेऱ्यामागे तोंडावर हात धरून उभी राहिली. काम झाले तेव्हा कोट होता तसा होता.

"हा व्हिडिओ टाकायचा नाही, बाबा," ती म्हणाली.

"का? आला नाही नीट?"

"नीट आलाय. म्हणूनच नको."

"टाक," काका म्हणाले. "दुकानाचं बघायचंय ना?"

तिने दोन दिवस टाकला नाही. तिसऱ्या दिवशी मुलाने गाळ्याच्या मालकाला फोन लावतो म्हणून सांगितले, तेव्हा टाकला. आवाज तसाच ठेवला, आणि खाली एकच ओळ लिहिली: हा कोट माझ्या सासूबाईंचा.

अंगठे थांबले. कात्री, लगेच ती हाक, आणि मग एक म्हातारा माणूस चेहऱ्यावरची रेषही न हलवता धागे ओढतो आहे. लोकांनी तो पाहिला, एकमेकांना पाठवला. कोणी लिहिले, रडू आले. कोणी लिहिले, हा माणूस की दगड? दोघांनीही तो पुन्हा पाहिला. आठवडा उलटायच्या आत पायरीवर गिऱ्हाइके उभी राहू लागली. आईची शाल, वडिलांचा स्वेटर, गेलेल्या बहिणीचा झगा. ती माणसे कपडा देताना बराच वेळ बोलत. काका सुईकडे बघत. बोलायला आता सून होती.

घरात मात्र वादळ झाले. मुलाने व्हिडिओ ऑफिसात कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिला. तो चपला न काढताच घरात शिरला. "आईच्या कोटाला कात्री लावून तमाशा मांडलात? आणि तू उभं राहून चित्रण केलंस?" सून रडली. काका म्हणाले, "तिला बोलू नकोस. मी केलं." मेहुणीचा फोन आला. ती काकूंपेक्षा धाकटी, पहिल्यापासून फटकळ. "भावोजी, तुम्हाला काही वाटतं की नाही?"

काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "नाही गं," ते म्हणाले. "नाही वाटलं."

पलीकडून फोन ठेवला गेला.

पण गाळा सोडायचा विषयही त्यानंतर निघाला नाही. काका सकाळी निघत आणि अंधार पडल्यावर येत. घरातली ती दुपार आता त्यांच्या वाटेला फक्त रविवारी यायची, आणि काही रविवारीसुद्धा ते काम आहे म्हणून निघत. त्यांना हवे होते ते मिळाले होते.

लोकांना मात्र तोच कोट पुन्हा हवा होता. राखाडी पँट टाकली की कोणी बघत नसे. खाली लिहीत, हिरवा कोट कुठे आहे? गर्दी ओसरायला लागली की सुनेच्या आधी काकांच्या लक्षात येई. तेच म्हणत, "कोट काढू का?"

"नको, बाबा."

"लोकांना तेच बघायचंय ना?"

आणि ते काढत. बाहीला कात्री लावली. पाठीला लावली. कॉलरच्या खाली लावली. प्रत्येक वेळी हाक हवी, नाहीतर व्हिडिओ फिका पडतो, हे सुनेला धंद्यातले माणूस म्हणून कळत होते. ती कॅमेऱ्यामागून "बाबा!" म्हणे. मग मोबाइलकडे बघून, दिवा सरळ करून पुन्हा म्हणे.

"सूनबाई," किल्लीवाला पायरीवरून म्हणाला, "तुमची हाक पहिल्यासारखी येत नाही हं आता. पहिल्या वेळी माझ्या हातातली कानस पडली होती."

सून हसली नाही. तीही आता फारशी हसत नसे. मात्र दिवसभर भिंगातून काकांचे हात टिपून टिपून तिला त्यांची सवय झाली होती. व्हिडिओ जोडायला बसली की काकांची सुई तिच्या डोळ्यांसमोर पुढेमागे होत राही, आणि एकदा काका बाहेर गेले असताना तिने एका फडक्यावर स्वतः करून पाहिले. काकांनी येऊन फडके उलटे केले, सुलटे केले. "आडवा ओढू नकोस इतका," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने ओढला नाही. तेव्हापासून लहानसहान भोके ती भरू लागली.

हिवाळा पुन्हा आला. एका सकाळी गोल दिवा लागला, मोबाइल चालू झाला आणि काकांनी कोटाच्या पुढच्या भागाला, बटणांच्या जवळ, कात्री घातली. "बाबा!" सून म्हणाली. काकांनी खालच्या घेराची दुमड उलटी केली. तिथे काही नव्हते. लोकर काढून काढून नुसते अस्तर राहिले होते. त्यांनी बाहीचे तोंड उलटे केले. तिथलेही काढून झाले होते. कॉलरची आतली बाजू, खिशाची आतली बाजू, बटणांच्या मागची पट्टी. त्यांची बोटे एकेक जागा चाचपत कोटभर फिरली. कोट जड नव्हता आता. कधीपासून नव्हता कोण जाणे.

"संपलं," काका म्हणाले.

"काय संपलं?"

"धागा. आत काहीच नाही राहिलं याच्या."

सून पुढे आली. "दुसरी लोकर आणते ना. अगदी याच रंगाची बघून आणते."

"दिसेल ती."

"कोणाला दिसणार, बाबा? लोकांना कुठे…"

"मला दिसेल."

त्यांनी भोकात बोट घातले. बोट आरपार गेले आणि पलीकडे निघाले. ते तसेच बसून राहिले. मोबाइल चालूच होता. त्यावर म्हाताऱ्याचे दोन हात आणि हिरवी लोकर, बाकी काही हलत नव्हते. पायरीवर एक बाई शाल घेऊन उभी होती, ती आपोआप मागे सरकली.

"तिला थंडी फार वाजायची," काका म्हणाले.

काकू गेल्यापासून सुनेने त्यांच्या तोंडून काकूंबद्दल ऐकलेले हे पहिले वाक्य होते.

"बंद कर ते," काका म्हणाले. तिने मोबाइल बंद केला, मग दिवाही बंद केला. गाळा पुन्हा पूर्वीइतका अंधारा झाला. "आज टाकायला काही नाही," ती म्हणाली, पण ते कोणाला उद्देशून नव्हते.

काकांनी कोटाची घडी घातली. घडी करायची त्यांना सवय नव्हती, लोकांचे कपडे ते नेहमी टांगत. दोनदा उलगडून पुन्हा घातली. मग तो कागदात गुंडाळून संध्याकाळी घरी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामावर निघाला तरी काका खुर्चीतच होते. "बाबा, बरं नाही का?" त्याने विचारले.

"बरा आहे. आज घरी बसतो."

मुलाने बायकोकडे पाहिले. तिने मानेनेच सांगितले, जाऊ दे. तिने दुकानाची किल्ली उचलली आणि दोघे एकदमच बाहेर पडले.

भांड्यांचा आवाज तर केव्हाच थांबला होता. दुपार आली. काकांनी तिची वाट बघितली म्हणायला हरकत नाही. ती आधी स्वयंपाकघरात आली, मग मधल्या खोलीत, मग पलंगावर काकूंच्या बाजूला. काका तिथे जाऊन बसले. कोट मांडीवर घेतला. भोकाच्या कडेचे धागे सुटत चालले होते; हात सवयीने ते आत वळवायला गेला आणि त्यांनी तो आवरला. रडू येईल असे त्यांना वाटले, पण आले नाही. भिंतीवरून उन्हाचा तुकडा खाली सरकत होता. कोणाच्या तरी घरातला नळ वाजत होता. एवढेच होते ते. त्यांना भूक लागली. त्यांनी सकाळची भाजी गरम न करताच खाल्ली, आणि ती खारट लागली.

मग सुनेचा फोन आला. मागे रस्त्याचा आवाज होता आणि किल्लीवाला कोणाशी तरी वाद घालत होता.

"बाबा, एक निळी शाल आलीय. हिला दुमडच नाही कुठे. धागा कुठून काढू?"

"टोकाच्या गोंड्यातला बघ. एक गोंडा सोड, लागेल तेवढं निघेल."

"गोंडा कमी दिसणार नाही?"

"दिसेल. बाईंना आधी विचार. चालेल म्हणाल्या तरच सोड."

"विचारते," ती म्हणाली. "व्हिडिओ नाही काढत आहे मी."

"बरं."

"गर्दी कमी आहे आज."

"असू दे."

"तुम्ही येताय ना?"

काकांनी मांडीवरच्या कोटाकडे पाहिले, मग भिंतीकडे. उन्हाचा तुकडा जमिनीवर उतरला होता.

"आज नाही," ते म्हणाले. "उद्या येतो. नाहीतर परवा."